मोटार-अपघातातील दोषविभागणी व नुकसानभरपाई

दोन वाहनांची टक्कर होऊन मनुष्य मरण पावला असता, त्या मृत्यूस कोणाचा निष्काळजीपणा किती प्रमाणात कारणीभूत झाला हे ठरविणे म्हणजे दोषविभागणी. आणि त्या मृत्यूमुळे आश्रितांचे झालेले नुकसान पैशाच्या रूपाने मोजून ते दायित्व असलेल्या पक्षाकडून देवविणे म्हणजे नुकसानभरपाई होय. बसगाडी व मोटार यांच्या टकरीत हे दोन्ही प्रश्न एकत्र उपस्थित होतात. अशा टकरीत मृत व्यक्ती बसमधील उतारू असू शकते, मोटारीतील सहप्रवासी असू शकते किंवा स्वतः मोटार चालविणारी असू शकते. अपघात एकच असला, तरी या तिघांच्या आश्रितांना मिळणारी रक्कम एकाच नियमाने ठरत नाही. उतारूच्या आश्रितांना भरपाई पूर्ण मिळते. दोषी ठरलेल्या मृत चालकाच्या आश्रितांच्या भरपाईतून मात्र त्याच्या दोषाचा हिस्सा वजा होतो. हा भेद कसा निर्माण झाला आणि त्याची तीव्रता कमी करण्याचे कोणते प्रयत्न झाले, हा या विषयाच्या इतिहासाचा मुख्य भाग आहे. या विषयाचा समावेश अपकृत्यविधीत होतो [→ अपकृत्य].

इंग्लंडमधील पार्श्वभूमी : भारतातील या विधीचे मूळ इंग्लंडच्या रूढ विधीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या विधीचे दोन नियम मृताच्या कुटुंबास अत्यंत प्रतिकूल होते. पहिला नियम असा, की मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानीच नव्हे. १८०८ सालच्या बेकर विरुद्ध बोल्टन या दाव्यात वादी व त्याची पत्नी प्रवास करीत असलेली घोडागाडी उलटली व सुमारे महिन्याभराने पत्नी मरण पावली. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी वादीस त्याच्या स्वतःच्या दुखापतीबद्दल आणि पत्नीच्या मृत्यूच्या क्षणापर्यंत तिच्या सहवासास तो मुकला त्याबद्दल भरपाई मिळू शकते, त्यानंतरच्या काळाबद्दल नाही, असे ठरविले. परिणामी जखमी मनुष्यास पैसे मिळत, परंतु मेलेल्याच्या कुटुंबास काहीच मिळत नसे.

दुसरा नियम अंशदायी निष्काळजीपणाचा. १८०९ सालच्या बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर या दाव्यात प्रतिवादीने रस्त्यात आडवा वासा ठेवला होता. वादी भरधाव घोडा फेकीत आला आणि वाशावर आदळून जखमी झाला. बेताने घोडा चालविला असता तर वासा दिसला असता, म्हणून त्याचा दावा संपूर्णतः फेटाळण्यात आला. वादीचा दोष अल्प असो वा अधिक, तो सिद्ध होताच त्याचा हक्क नाहीसा होई. दोषाची वाटणी करण्याची कल्पनाच नव्हती. या नियमाची कठोरता १८४२ सालच्या डेव्हिस विरुद्ध मॅन या दाव्याने काहीशी सौम्य झाली. पुढचे पाय बांधून रस्त्यावर सोडलेले एक गाढव वेगाने येणाऱ्या मालगाडीखाली सापडून मेले. गाढव तसे सोडणे चूक असले, तरी अपघात टाळण्याची अखेरची संधी गाडीवानास होती, म्हणून तोच जबाबदार ठरला. यातून ‘अखेरच्या संधी’चा सिद्धांत निघाला. तथापि त्यानेही दोषाची विभागणी होत नव्हती. संपूर्ण भार एका पक्षावरून दुसऱ्यावर सरकत होता, एवढेच.

रेल्वेच्या प्रसाराबरोबर प्राणांतिक अपघात वाढले व १८४६ मध्ये लॉर्ड कँबेल यांच्या पुढाकाराने प्राणांतिक अपघात अधिनियम संमत झाला. मृताच्या जवळच्या आप्तांना प्रथमच दाव्याचा अधिकार मिळाला. परंतु त्याला एक अट होती. मृत व्यक्ती जिवंत राहिली असती, तर तिला दावा लावता आला असता, अशाच परिस्थितीत आप्तांना दावा लावता येई. म्हणजेच मृताविरुद्ध जो बचाव चालला असता, तो त्याच्या विधवेविरुद्ध व मुलांविरुद्धही चाले. मृताचा दोष त्याच्या आश्रितांच्या हक्कास चिकटला तो या अटीमुळे. पुढील सर्व सुधारणा झाल्या तरी ही अट मूळ स्वरूपात टिकून राहिली आहे.

उतारूच्या बाबतीत न्यायालये काही काळ याहूनही पुढे गेली. १८४९ सालच्या थॉरोगुड विरुद्ध ब्रायन या दाव्यात घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या एका बसगाडीतून उतरणारा प्रवासी दुसऱ्या बसगाडीच्या धडकेने मरण पावला. प्रवासी आपल्या गाडीच्या चालकाशी एकरूप होतो, म्हणून त्या चालकाचा निष्काळजीपणा प्रवाशाचाच मानावा, असे न्यायालयाने म्हटले. भाडे देऊन बसलेल्या उतारूचा गाडीवानावर कोणताही ताबा नसताना त्यास दोषाचा वाटेकरी करणारा हा सिद्धांत सुमारे चाळीस वर्षे टिकला. ‘बर्निना’ व ‘बुशायर’ या दोन आगबोटींच्या टकरीतून उद्‍भवलेल्या दाव्यात १८८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो रद्द ठरविला. दोन्ही बोटींचे संचालन सदोष असले, तरी ज्याच्या हाती संचालन नव्हते त्याच्या मृत्यूबद्दल दुसऱ्या बोटीकडून भरपाई मागता येते, हे तत्त्व तेव्हापासून स्थिर झाले. आज बसमधील व मोटारीतील उतारूंना जे संरक्षण मिळते, ते या तत्त्वावर आधारलेले आहे.

प्रमाणशीर विभागणीची कल्पनाही सागरी विधीतूनच आली. दोन्ही जहाजे दोषी असतील तर नुकसान निम्मे-निम्मे वाटावे, असा नौअधिकरण न्यायालयांचा जुना प्रघात होता. १९११ च्या अधिनियमाने त्याऐवजी प्रत्येकाच्या दोषाच्या प्रमाणात वाटणी करण्याची तरतूद झाली. जमिनीवरील अपघातांना हे तत्त्व १९४५ च्या अंशदायी निष्काळजीपणाविषयक अधिनियमाने लागू झाले. वादीचा दावा यापुढे समूळ बुडणार नव्हता. त्याच्या जबाबदारीचा वाटा लक्षात घेऊन न्यायालयास न्याय्य वाटेल तेवढी घट भरपाईत करावयाची होती.

भारतातील विधी : भारतात १८५५ चा प्राणांतिक अपघात अधिनियम (१८५५ चा १३ वा) १८४६ च्या इंग्लिश अधिनियमाच्या धर्तीवर झाला. पती वा पत्नी, आईवडील व मुले यांच्या हितासाठी दावा लावण्याची त्यात तरतूद होती. आश्रितांचे नुकसान आणि मृताच्या संपदेचे नुकसान ही दोन शीर्षके त्यात वेगळी ठेवली होती. मृतास स्वतःला दावा लावता आला असता पाहिजे, ही अटही त्यात तशीच उतरली. १९४७ मधील एका बस-अपघातातून निघालेल्या गोबाल्ड मोटर सर्व्हिसविषयक अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये या दोन शीर्षकांचा विचार केला आणि तीच रक्कम दोन्हींखाली दोनदा मिळता कामा नये, असे स्पष्ट केले.

मोटारगाड्यांसाठी पहिला अखिल भारतीय अधिनियम १९१४ मध्ये झाला व त्याची जागा मोटार वाहन अधिनियम, १९३९ याने घेतली. या दुसऱ्या अधिनियमातील त्रयस्थ पक्षाच्या सक्तीच्या विम्याची तरतूद १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. त्यामुळे दोषी चालक निर्धन असला तरी भरपाई वसूल होण्याची शक्यता निर्माण झाली. राज्यांच्या मार्ग परिवहन संस्थांना विशिष्ट निधी राखून या सक्तीतून सूट मिळविता येई. म्हणून शासकीय बसच्या अपघातात पुष्कळदा विमा कंपनीऐवजी परिवहन महामंडळ स्वतःच भरपाई देते. चालकाच्या कामावरील चुकीबद्दल मालक जबाबदार, या प्रातिनिधिक दायित्वाच्या तत्त्वाने महामंडळ बांधलेले असते.

१९५६ च्या सुधारणेने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. दिवाणी दाव्याचा विलंब व मुद्रांकशुल्काचा भार टाळून अपघातग्रस्तांना लवकर दाद मिळावी, हा तिचा हेतू होता. न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ वाटेल अशी भरपाई ठरवावी, एवढेच अधिनियमात म्हटले होते. दोषाची वाटणी कशी करावी, याविषयी भारतात १९४५ च्या इंग्लिश अधिनियमासारखा सर्वसाधारण अधिनियम झाला नाही. केरळने मात्र १९७६ मध्ये स्वतःपुरती तशी तरतूद केली. अन्यत्र उच्च न्यायालयांनी न्याय, समता व सद्‌सद्विवेक यांच्या आधारे ते तत्त्व स्वीकारले. १९७० नंतरच्या दशकात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने बस व मोटारसायकल यांच्या टकरीच्या प्रकरणात या प्रश्नाचा साकल्याने विचार केला व दावा संपूर्ण फेटाळण्याऐवजी प्रमाणशीर घट करण्याचा मार्ग अनुसरला. हाच मार्ग पुढे देशभर रूढ झाला.

न्यायाधिकरणाची स्थापना ही केवळ न्यायासनातील बदल आहे, की दायित्वाच्या स्वरूपातही तिने बदल केला आहे, हा वाद काही काळ चालू होता. मुंबईत घडलेल्या मोटार व मालमोटार यांच्या टकरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निर्णय दिला, की वाहनमालकाचे दायित्व चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावरच उत्पन्न होते. दोषाशिवाय दायित्व नाही. त्याच वर्षी रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीच्या मोटारीविषयीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पुराव्याचा भार मात्र हलका केला. मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली होती व आतील उतारू मरण पावला होता. सरळ चालविलेली मोटार सहसा झाडावर आदळत नाही. अशा वेळी ‘घटनाच स्वतः बोलते’ व खुलासा करण्याचा भार मालकावर जातो, असे न्यायालयाने म्हटले.

दोष ठरविण्याची रीत : झाडावर आदळलेल्या मोटारीबाबत घटना जितकी स्पष्टपणे बोलते, तितकी ती दोन वाहनांच्या समोरासमोरील टकरीत बोलत नाही. तेथे पंचनामा, रस्त्याची रुंदी, ब्रेक लावल्याच्या खुणा, काचांचे तुकडे कोणत्या बाजूस पडले, वाहनांचे कोणते भाग चेपले, प्रत्यक्षदर्शींचे जबाब आणि बसचालकाची साक्ष यांवरून घटनाक्रम जुळवावा लागतो. या सामग्रीतील एक वैगुण्य मूलभूत आहे. मोटारचालक मरण पावलेला असेल तर बसचालकाची बाजू मांडायला बसचालक हजर असतो. मृताची बाजू मात्र वाचलेल्या साक्षीदारावर किंवा रस्त्यावरील खुणांवर अवलंबून राहते. पुराव्याचे माप फौजदारी खटल्याइतके कडक नसते. अधिसंभाव्यता कोणत्या बाजूस झुकते एवढेच न्यायाधिकरणास पाहावयाचे असते, आणि फौजदारी न्यायालयाने चालकास दोषमुक्त केले म्हणून भरपाईचा दावा आपोआप फेटाळला जात नाही.

बस व मोटार यांच्या समोरासमोरील टकरीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २००६ सालच्या निर्णयात, बस वेडीवाकडी येत होती असे दावेदारांच्या साक्षीदाराने सांगितले. न्यायालयाने त्यावर म्हटले, की मृत मोटारचालकास ती दुरूनच दिसत होती, तर सावध मनुष्याप्रमाणे त्यानेही टक्कर टाळण्याची खबरदारी घ्यावयास हवी होती. टक्कर समोरासमोरची होती आणि म्हणून दोन्ही चालक सारखेच जबाबदार ठरले. २०१३ सालच्या, केरळमधील अपघाताच्या निर्णयात मात्र मृत मोटारचालकावर खालच्या न्यायासनांनी टाकलेला दोष न्यायालयाने काढून टाकला. अपघातानंतर वाहने कोठे थांबली, एवढ्यावरून कोण बेदरकारपणे चालवीत होता हे सिद्ध होत नाही. तसेच शवविच्छेदनात मद्याचा वास आढळल्याची नोंद, अन्य पुराव्यावाचून, निष्काळजीपणाचा पुरावा ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. दोन निर्णयांचे निष्कर्ष भिन्न असले, तरी त्यांतून एकच धडा मिळतो. ‘समोरासमोरची टक्कर म्हणजे निम्मा-निम्मा दोष’ हा विधीचा नियम नव्हे. तो त्या-त्या पुराव्यावरचा निष्कर्ष आहे. पुरावा न तपासता हे सोयीचे प्रमाण लावले, तर मृताच्या कुटुंबाची निम्मी भरपाई केवळ तर्काने जाते.

दोष आणि नियमभंग यांतील फरकही महत्त्वाचा आहे. चालकाजवळ परवाना नव्हता, एवढ्यावरून तो अपघातास कारणीभूत झाला असे म्हणता येत नाही, हे २००८ सालच्या निर्णयात स्पष्ट झाले. नियमभंग आणि टक्कर यांत कार्यकारणसंबंध दाखविला पाहिजे. त्याचप्रमाणे दुसऱ्याच्या चुकीमुळे अकस्मात संकट कोसळले असता, क्षणार्धात घेतलेला निर्णय मागाहून चुकीचा दिसला तरी तो दोष मानला जात नाही. या तत्त्वाचा उगम १८१६ सालच्या जोन्स विरुद्ध बॉइस या दाव्यात आहे. लगाम तुटल्यामुळे धोक्यात आलेल्या घोडागाडीतून उडी टाकून पाय मोडून घेतलेल्या प्रवाशास त्या दाव्यात भरपाई मिळाली. अंगावर येणारी बस चुकविण्यासाठी मोटारचालकाने ऐन वेळी चक्र उजवीकडे वळविले असेल, तर त्याचा विचार याच तत्त्वाने करावा लागतो.

अंशदायी व संमिश्र निष्काळजीपणा : या दोन संज्ञांचा घोटाळा पूर्वी न्यायाधिकरणांच्या निवाड्यांतही होत असे. जखमी किंवा मृत व्यक्तीचा स्वतःचा दोष अपघातास साहाय्यभूत झाला असेल, तर तो अंशदायी निष्काळजीपणा होय. तिचा काहीही दोष नसताना दोन वा अधिक इतरांच्या दोषांच्या मिलाफाने तिला इजा झाली असेल, तर तो संमिश्र निष्काळजीपणा होय. पहिल्या प्रकारात भरपाई दोषाच्या प्रमाणात घटते. २००३ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाची बस व एक तरुण सायकलस्वार यांच्या अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मृत तरुणाचा वाटा २५ टक्के धरून आईवडिलांना मिळणाऱ्या रकमेतून तेवढी घट केली.

दुसऱ्या प्रकारात घट होत नाही. दोन्ही वाहनांचे चालक, मालक व विमा कंपन्या दावेदारास संयुक्तपणे व पृथक्पणे जबाबदार असतात. दावेदार कोणत्याही एका पक्षाकडून सर्व रक्कम मागू शकतो. दुसऱ्या वाहनाला पक्षकार केलेच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा भेद विशद केला. २०१५ मध्ये न्यू इंडिया अशुअरन्स कंपनी पक्षकार असलेल्या, बस व ट्रेलर यांच्या टकरीच्या प्रकरणात त्रिसदस्य पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दोन चालकांमधील दोषाचे प्रमाण न्यायाधिकरण ठरवू शकते. परंतु ते त्यांच्या आपसातील वसुलीसाठी. त्या वाटणीचा भुर्दंड दावेदारास पडता कामा नये.

या भेदाचा परिणाम एकाच कुटुंबावर कसा होतो हे पाहण्यासारखे आहे. पती मोटार चालवीत असून पत्नी व मूल त्याच मोटारीत आहेत; बसशी टक्कर होऊन पती मरण पावतो व पत्नी जखमी होते, अशी कल्पना केल्यास, दोन्ही चालक दोषी ठरले तरी पत्नीला स्वतःच्या जखमांबद्दल बसच्या मालकाकडून पूर्ण भरपाई मागता येते, कारण ती उतारू आहे. पतीच्या मृत्यूबद्दल मात्र तिला, पतीचा दोष वजा जाता उरेल तेवढेच मिळते. मूल दगावले असेल तर त्याबद्दलची भरपाई पुन्हा पूर्ण मिळते. एकाच विधवेच्या हक्काला एकाच टकरीत दोन मापे लागतात, ती १८४६ व १८५५ च्या अधिनियमांतील अटीमुळे आणि १८८८ च्या निर्णयामुळे.

भरपाईची मोजणी : दोषाचे प्रमाण ज्या रकमेला लावावयाचे, ती रक्कम ठरविण्याची रीत प्रदीर्घ काळ अनिश्चित होती. इंग्लंडमध्ये १९४२ च्या डेव्हिस विरुद्ध पॉवेल डफ्रिन या निर्णयाने गुणकपद्धती प्रचारात आली. आश्रितांचे वार्षिक नुकसान एका गुणकाने गुणून एकरकमी भरपाई काढणे, हे तिचे स्वरूप होय. भारतात न्यायाधिकरणे भिन्नभिन्न रीती वापरीत व सारख्या प्रकरणांत असमान रकमा देत. १९९४ मध्ये केरळ राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुणकपद्धतीच योग्य असल्याचे सांगितले. २००९ मध्ये दिल्ली परिवहन निगमाविरुद्धच्या प्रकरणात त्याने वयानुसार गुणकांचा तक्ता निश्चित केला : १५ ते २५ वर्षे वयास १८, २६ ते ३० वर्षांस १७, त्यापुढे तो घटत जाऊन ३६ ते ४० वर्षांस १५, ५६ ते ६० वर्षांस ९ आणि ६५ वर्षांपुढे ५. मृताच्या वैयक्तिक खर्चापोटी, तो विवाहित असल्यास, दोन ते तीन आश्रित असता १/३, चार ते सहा असता १/४ व सहाहून अधिक असता १/५ वजावट. अविवाहित असल्यास सामान्यतः निम्मी.

ज्या प्रकरणात हा तक्ता घालून दिला गेला, ते प्रकरणच या विधीची गती दाखविते. १९८८ मध्ये बस-अपघातात ३८ वर्षांचा एक शासकीय शास्त्रज्ञ मरण पावला. मागे पत्नी, तीन अज्ञान मुले, आईवडील व आजोबा राहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्याचे मासिक वेतन ४,००४ रुपये धरून भावी वाढीपोटी निम्मी भर घातली, १/५ वजावट केली व १५ हा गुणक लावला. इतर शीर्षके मिळून एकूण भरपाई ८,८४,८७० रुपये झाली. मृत्यू व अंतिम निर्णय यांत २१ वर्षांचे अंतर होते.

२०१७ मध्ये नॅशनल इन्शुअरन्स कंपनीच्या प्रकरणात घटनापीठाने भावी उत्पन्नवाढीची प्रमाणे एकसारखी केली : कायम नोकरीतील मृतांसाठी ४० वर्षांखाली ५० टक्के, ४० ते ५० वर्षांत ३० टक्के, ५० ते ६० वर्षांत १५ टक्के, स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांसाठी अनुक्रमे ४०, २५ व १० टक्के. संपदेची हानी, सहजीवनाची हानी व अंत्यविधीचा खर्च यांसाठी अनुक्रमे १५,०००, ४०,००० व १५,००० रुपये ठरविण्यात आले व त्यांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगण्यात आली.

दोषाच्या अपूर्णांकाचे वजन उदाहरणाने स्पष्ट होईल. कायम नोकरीतील ३८ वर्षांच्या मोटारचालकाचे वार्षिक उत्पन्न ३,६०,००० रुपये आहे व त्याला चार आश्रित आहेत, असे समजू. भावी वाढ धरून उत्पन्न ५,४०,००० रुपये; १/४ वजावटीनंतर ४,०५,००० रुपये; १५ ने गुणता ६०,७५,००० रुपये. त्याचा दोष ४० टक्के ठरल्यास २४,३०,००० रुपये वजा होऊन कुटुंबास ३६,४५,००० रुपये मिळतील. त्याच उत्पन्नाचा, वयाचा व कुटुंबाचा सहप्रवासी त्याच मोटारीत मरण पावला असल्यास त्याच्या आश्रितांना ६०,७५,००० रुपयेच मिळतील. दोन्ही घरांची गरज सारखीच असते.

दोषनिरपेक्ष दायित्व : ही विषमता व दोष सिद्ध करण्यास लागणारा कालावधी ध्यानात घेऊन विधिमंडळाने दोषाचा प्रश्न काही मर्यादेपर्यंत बाजूस सारला. १९८२ च्या सुधारणेने १ ऑक्टोबर १९८२ पासून मृत्यूबद्दल १५,००० रुपये, कोणाचाही दोष सिद्ध न करता, देण्याची तरतूद झाली. मृताच्या स्वतःच्या दोषामुळे हा हक्क नाहीसा होणार नाही आणि त्याच्या जबाबदारीच्या प्रमाणात ही रक्कम कमीही केली जाणार नाही, असे त्यात स्पष्टपणे म्हटले होते. १८५५ पासून चालत आलेल्या अटीला दिलेला हा पहिला मोठा छेद होय. १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ही रक्कम २५,००० रुपये व १९९४ मध्ये ५०,००० रुपये झाली. १९९४ मध्येच वार्षिक ४०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी अनुसूचीतील तक्त्यानुसार, दोष सिद्ध न करता, पूर्ण भरपाई मागण्याचा पर्याय कलम १६३-अ अन्वये आला. अशा दाव्यात विमा कंपनीस मृताच्या निष्काळजीपणाचा बचाव घेता येत नाही, असे युनायटेड इंडिया इन्शुअरन्स कंपनीच्या प्रकरणात २०१७ मध्ये ठरले.

२०१९ च्या सुधारणा अधिनियमाने ही रचना बदलली. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६३-अ व दोषनिरपेक्ष दायित्वाचे जुने प्रकरण जाऊन, त्यांच्या जागी नव्या कलम १६४ अन्वये मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल २.५ लाख रुपये दोष सिद्ध न करता मिळण्याची तरतूद अंमलात आली. ही रक्कम स्वीकारल्यास मात्र दोषावर आधारलेला न्यायाधिकरणापुढील अर्ज संपुष्टात येतो. पूर्वी अंतरिम स्वरूपात हाती पडणारी दोषनिरपेक्ष रक्कम पुढील भरपाईत वळती होत असे. आता कुटुंबास लवकर मिळणारी निश्चित रक्कम आणि कदाचित बरीच मोठी, परंतु दोषविभागणीच्या अधीन असलेली रक्कम यांत निवड करावी लागते. दोषावर आधारलेल्या अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही याच सुधारणेने पुन्हा घातली.

समालोचन : दोनशे वर्षांत विधीने पुष्कळ मजल मारली आहे. ज्या काळी मृत्यूस किंमतच नव्हती व अल्प दोषानेही सर्व हक्क बुडत असे, त्यापासून प्रमाणशीर विभागणी, निश्चित गुणक व मर्यादित दोषनिरपेक्ष दायित्व येथपर्यंत हा प्रवास झाला. उतारूस दुसऱ्याच्या दोषातून पूर्णपणे मुक्त करण्यात आले. मृत चालकाच्या आश्रितांचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे. दोषाच्या प्रमाणात घट करण्यामागे एक न्याय्य विचार आहे : बसच्या मालकाने स्वतःच्या दोषापुरतेच द्यावे. तथापि ज्याच्याकडून दोष घडला तो हयात नसतो, आणि वजा झालेल्या रकमेचा भार ज्यांनी चक्राला हातही लावलेला नव्हता त्यांच्यावर पडतो. हा भार समाजाने विम्याच्या द्वारे किती उचलावा, हा धोरणाचा प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत न्यायाधिकरणाच्या निवाड्यातील ४० किंवा ५० टक्के हा आकडा केवळ अंदाजाचा असू नये. तो कोणत्या खुणेवरून, कोणत्या साक्षीवरून व कोणत्या कारणाने आला, हे निवाड्यात नमूद होणे अगत्याचे आहे. कुटुंबाच्या पुढील अनेक वर्षांच्या निर्वाहाचा हिशेब त्या एका आकड्यावर अवलंबून असतो.